बोलघेवडा नायक आणि मुका वाचक

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दोन्ही दिवशी जालन्यात, अंबडला, परतूरला पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्यांवर चरित्रे, भाषणे, गीतसंग्रह यांच्या जोडीला आता चित्रकथाही असतात. आईबाप त्या मुलांसाठी घेतात, शिक्षक शाळेच्या कपाटासाठी घेतात. मी अंबड तालुक्यात शिक्षक आहे आणि ही पुस्तके वर्गात वापरतो. त्यांच्याविषयी दोन मते माझ्या कानावर येतात. कार्यकर्ते म्हणतात, विचार पोचला की झाले. साहित्याचे जाणकार म्हणतात, ही पुस्तके प्रचारकी आहेत, त्यांत कला शोधू नये. ही दोन्ही मते मला अपुरी वाटतात आणि म्हणूनच हा विषय आपल्या नियतकालिकातून मांडला पाहिजे असे मला वाटते.

'प्रचारकी' हा शब्द आपल्याला नवा नाही. १९७० नंतरच्या काळात दलित कवितेवर, कथेवर आणि नाटकावर प्रस्थापित समीक्षेने हाच शिक्का मारला. आपण त्याला योग्य उत्तर दिले. ज्यांना जन्मतःच सर्व काही मिळाले त्यांच्या साहित्यातही प्रचार असतोच. तो त्यांच्या सोयीचा असल्यामुळे त्यांना दिसत नाही, एवढेच. हे उत्तर आजही खरे आहे. परंतु त्या उत्तराची आपल्याला इतकी सवय झाली की त्याच्या आडून दुसरा एक दोष निसटून गेला. संदेश असणे वेगळे आणि संदेश वाचकाच्या डोक्यावर आदळणे वेगळे. पहिल्यात बांधिलकी आहे. दुसऱ्यात वाचकाविषयीचा अविश्वास आहे. चित्रकथेत हा फरक जितका उघड दिसतो तितका कवितेत किंवा कादंबरीत दिसत नाही, कारण तेथे चित्र आणि शब्द शेजारी शेजारी उभे असतात आणि कोण कोणाचे काम हिसकावून घेतो ते डोळ्यांनी मोजता येते.

बाबासाहेबांच्या चित्रकथांनी आपला साचा आकाशातून आणलेला नाही. चौकट, बोलण्याचा फुगा, वरच्या कोपऱ्यातले निवेदन आणि मधोमध उभा असलेला पराक्रमी नायक, हे सारे अमेरिकन सुपरहिरोच्या कॉमिक्समधून आपल्याकडे आले. मराठवाड्यातल्या एका पिढीने ते पाहिले इंद्रजाल कॉमिक्समध्ये. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ साली सुरू केलेली ही मालिका मराठीतही निघत असे. ती १९९० साली बंद पडली. तिचा मुख्य नायक ली फॉक यांचा फँटम. मराठीत त्याचे नाव झाले वेताळ. आपल्या खेड्यातला वेताळ गावाच्या शिवेवरचा, शेंदूर फासलेला दगड. कॉमिक्समधला वेताळ मात्र गोरा. कवटीच्या सिंहासनावर बसून जंगलातल्या काळ्या माणसांची राखण करणारा, तीही पिढ्यान् पिढ्या. त्याच्या गोष्टींत जंगलातल्या जुन्या म्हणी पुन्हा पुन्हा येत. वेताळ बलवान आहे, वेताळ न्यायी आहे, वेताळ मरत नाही, हे त्या म्हणींतून सांगितले जाई. चित्रात तो गुंडाला ठोसा मारीत असतानाच निवेदन सांगे की त्याने ठोसा मारला. राखणदाराची थोरवी अशी दोनदा सांगितली जाते, आणि ज्यांची राखण होते त्यांना एक वाक्यही मिळत नाही. बोलघेवड्या नायकाचे मूळ रूप हे असे आहे.

या कॉमिक्समध्ये एवढे शब्द का असतात, याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. १९६० नंतर मार्व्हल कंपनीत स्टॅन ली ज्या पद्धतीने काम करीत तिच्यात आधी कथेचा सांगाडा चित्रकाराला दिला जाई, चित्रकार सगळी पाने काढी आणि त्यानंतर लेखक फुगे भरी. लेखकाच्या हाती पान येई तेव्हा गोष्ट चित्राने सांगून झालेली असे. मग लेखकाने करायचे काय? तो चित्रात दिसते तेच पुन्हा बोले, किंवा त्याला तात्पर्य जोडी. त्याआधी १९५० च्या सुमारास ईसी नावाच्या प्रकाशनसंस्थेत उलटी रीत होती. तेथे मजकूर आधी पानावर लिहिला जाई आणि उरलेल्या जागेत चित्रकार चित्र बसवी. दोन्हीकडे परिणाम एकच झाला, शब्दांनी चित्राला भिंतीकडे ढकलले. अतिबोलकेपणा हा नेहमीच लेखकाच्या स्वभावाचा दोष असतो असे नाही. पुष्कळदा तो कामाच्या वाटणीतून येतो.

पण दुसरे कारण सामाजिक आहे आणि आपल्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. १९७० च्या एप्रिलमध्ये 'ग्रीन लँटर्न' या कॉमिक्सची सूत्रे डेनी ओ'नील हा लेखक आणि नील ॲडम्स हा चित्रकार यांच्याकडे आली. अमेरिकेत तो नागरी हक्कांच्या आणि युद्धविरोधी चळवळींचा काळ. पहिल्याच अंकात एक म्हातारा काळा माणूस त्या नायकासमोर उभा राहतो. तो विचारतो की तू परग्रहांवरच्या निळ्या, नारिंगी, जांभळ्या कातडीच्या लोकांसाठी धावलास, मग काळ्या कातडीच्या लोकांसाठी काय केलेस? नायक मान खाली घालतो. सुपरहिरोच्या साऱ्या दुनियेला हा प्रश्न कोणीतरी विचारायलाच हवा होता आणि तो विचारला गेला याचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु पुढे काय होते ते पाहा. त्या म्हाताऱ्याचे काम तेथे जवळजवळ संपते. दोन गोरे नायक मोटारीत बसून अमेरिका पाहायला निघतात आणि दारिद्र्य, वंशभेद, व्यसन यांवर एकमेकांशी अंकामागून अंक वाद घालतात. पीडिताला एक प्रश्न मिळाला. प्रवास, पश्चात्ताप आणि भाषणे नायकांना मिळाली. सहानुभूतीच्या साहित्याची ही जुनीच खोड आहे. आपल्याकडच्या हरिजनोद्धाराच्या कथा-कादंबऱ्या वाचलेल्या कोणालाही ती ओळखू येईल.

याच काळातले दुसरे उदाहरण 'ब्लॅक पँथर'चे. हे पात्र स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६६ च्या जुलैमध्ये आणले. त्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकलंड शहरात ब्लॅक पँथर पार्टी स्थापन झाली. आपल्या दलित पँथरने १९७२ साली मुंबईत नाव घेतले ते या पक्षाचे, कॉमिक्सचे नव्हे, हे नव्या वाचकांसाठी स्पष्ट केलेले बरे. १९७३ ते १९७६ या काळात 'जंगल ॲक्शन' या कॉमिक्समधून डॉन मॅकग्रेगर हा लेखक पँथरच्या गोष्टी लिहीत होता. त्याच्याइतके शब्द पानावर ओतणारा लेखक त्या धंद्यात विरळाच. त्याचे निवेदन वाचता वाचता दम लागतो. तरीही मला त्याचे लेखन 'ग्रीन लँटर्न'पेक्षा प्रामाणिक वाटते. त्याच्या बहुतेक गोष्टी आफ्रिकेतल्या एका कल्पित देशात घडतात आणि तेथली पात्रे जवळजवळ सगळी काळी आहेत. ती एकमेकांशी बोलतात, भांडतात, त्यांचे संसार मोडतात, ती राजाला जाब विचारतात. शब्द फार आहेत, पण ते एकाच तोंडातून येत नाहीत. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. शब्दांची संख्या हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. ते शब्द कोणामध्ये कसे वाटले गेले, हा उरलेला अर्धा भाग आहे.

आता मी ज्या ईसी प्रकाशनाचा उल्लेख केला तिकडे परत येतो, कारण या सबंध चर्चेतली सर्वांत बोधक घटना तेथे घडली. १९५३ साली अल फेल्डस्टीन यांनी लिहिलेली आणि जो ऑरलँडो यांनी चितारलेली 'जजमेंट डे' ही छोटी गोष्ट प्रसिद्ध झाली. पृथ्वीवरचा एक निरीक्षक यंत्रमानवांच्या ग्रहावर जातो. त्या ग्रहाला पृथ्वीच्या महासंघात घ्यावे की नाही हे त्याला ठरवायचे आहे. तेथे नारिंगी आणि निळे असे दोन प्रकारचे यंत्रमानव आहेत. निळ्यांची वस्ती वेगळी, कारखाना वेगळा, कामे हलकी. निरीक्षक कारखाने पाहतो आणि त्याला कळते की दोघांचेही सुटे भाग तेच आहेत. फरक आहे तो फक्त वरच्या आवरणाचा आणि त्यांच्या डोक्यात जे शिक्षण भरले जाते त्याचा. तो ग्रहाला नकार देतो. आपल्या यानात परतल्यावर तो डोक्यावरचे शिरस्त्राण काढतो आणि शेवटच्या चौकटीत वाचकाला प्रथमच कळते की हा माणूस काळा आहे. त्या चौकटीत तो एक शब्दही बोलत नाही.

ही गोष्ट आधीच्या पानांवर चांगलीच बोलकी आहे. निरीक्षक जवळजवळ व्याख्यान देतो. पुढे कॉमिक्ससाठी नियमावली आली आणि १९५६ साली ही गोष्ट पुन्हा छापायची ठरली तेव्हा तपासनिसाने हरकत घेतली. हरकत व्याख्यानाला नव्हती. समतेवरची सारी वाक्ये त्याला चालत होती. नायकाचा चेहरा काळा नको, एवढेच त्याचे म्हणणे होते. प्रकाशक विल्यम गेन्स यांनी ते मानले नाही आणि गोष्ट आहे तशी छापली. सत्तेला उपदेशाची भीती वाटत नाही. समतेवर भाषणे आपल्याकडचे सर्व पक्ष करतात आणि ती सर्वांना चालतात. खुपला तो न बोलणारा चेहरा, कारण तो पाहिल्यावर वाचकाला मागची सारी पाने आपल्या मनाने पुन्हा वाचावी लागतात. तेथे काम वाचक करतो. आणि जो विचार माणसाने आपण होऊन केला तो त्याच्याकडून काढून घेता येत नाही.

या कसोटीवर आपल्या चित्रकथा लावून पाहू. अनंत पै यांच्या संपादनाखाली १९६७ साली सुरू झालेल्या अमर चित्र कथा मालिकेत बाबासाहेबांवरचे पुस्तक १९७९ साली आले. नामांतराच्या ठरावानंतर १९७८ साली मराठवाड्यात दलितांची घरे जळाली, त्याला तेव्हा एकच वर्ष झाले होते. हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पुस्तकाचे महत्त्व पटते. राम, कृष्ण आणि राजे-महाराजे यांच्या रांगेत बाबासाहेब आले, हे अनेक घरांत प्रथमच घडले. पण त्या मालिकेची रीत ठरलेली होती. थोडकी पाने, वर निवेदन, खाली प्रसंग, एका चौकटीत एक घटना. पासष्ट वर्षांचे आयुष्य त्या मापात बसवायचे म्हटल्यावर प्रत्येक लढा नायकाच्या एका वाक्यात आटोपतो. रामाच्या जागी भीमराव येतात, साचा मात्र तोच राहतो. पुढे स्टॉलवर आलेल्या बहुतेक स्वस्त चित्रकथांनी हाच साचा घेतला आणि त्यात शब्द वाढवले.

वर्गात मी एक प्रयोग करतो. अशा एखाद्या चित्रकथेच्या पानांवरचे सारे फुगे आणि निवेदने पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवून झाकतो आणि सातवीच्या मुलांना गोष्ट सांगायला लावतो. काही पानांवर मुलांचे काहीच अडत नाही. म्हणजे तेथले शब्द फुकट होते. काही पानांवर मात्र मुले गप्प बसतात. त्या पानांवर बाबासाहेब बोट वर करून उभे असतात आणि मागे डोक्यांची रांग असते. चित्रकाराने प्रसंग पाहिलेला नसतो, चौकातला पुतळा पाहिलेला असतो. पुतळ्याला हालचाल नाही, म्हणून सगळा भार शब्दांवर पडतो. अशाच एका पानावर एका मुलीने विचारले, "सर, बाबासाहेब बोलत असताना ही मागची माणसं काय करतात?"

या प्रश्नात समीक्षेचे बरेच काही आले. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याकडे गेलेली माणसे हजारोंच्या संख्येने होती. ती गावोगावाहून आपली भाकरी बांधून आली होती. पाणी प्यायल्यावर त्यांच्यावर हल्ला झाला, त्यांची डोकी फुटली आणि नंतर तळे शुद्ध करून घेण्यात आले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली आणि त्या परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. बोट वर केलेल्या चित्रात यांपैकी कोणीच नाही. सुपरहिरोचा साचा बाबासाहेबांना मोठा करीत नाही. तो त्यांच्याभोवतीच्या माणसांना पुसून टाकतो. ज्यांनी पहिल्या पत्राचे नाव 'मूकनायक' ठेवले, त्यांच्याच चित्रकथेत नायक तेवढा बोलतो आणि मुके मुकेच राहतात, हे आपल्याला कसे चालते?

दुसरी वाट २०११ साली 'भीमायन' या पुस्तकाने दाखवली. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. या चित्रकारांनी माणसांना चौकटीत कोंडले नाही. बोलण्याच्या फुग्यालाच त्यांनी अर्थ दिला. मायेचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते, विषारी बोलण्याला विंचवाची नांगी असते. म्हणजे शब्द वाचण्याआधीच, अक्षर न येणाऱ्या आजीलाही, कोण टोचतो आहे ते कळते. महाडच्या भाषणात ध्वनिक्षेपकांतून पाण्याच्या धारा लोकांवर पडताना दिसतात. तेथे भाषण आहेच, पण ते ऐकणाऱ्याच्या अंगावर काय होऊन पडले ते चित्राने सांगितले. मागची माणसे काय करतात या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे: ती भिजतात.

याच पुस्तकात बोलघेवडेपणाही आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. शहरातल्या बसस्टॉपवर एक तरुण राखीव जागांविरुद्ध कुरकुरतो आणि एक तरुणी त्याला सारा इतिहास समजावते, अशा संवादात गोष्ट गुंफलेली आहे. हेतू चांगला आहे, पण ही तरुणी बोलते ती त्या सवर्ण तरुणासाठी. आपला वाचक तेथे बाजूला उभा राहून दुसऱ्याची शिकवणी ऐकत राहतो. परतूरच्या मुलाला राखीव जागा का आहेत हे बसस्टॉपवर ऐकायचे नसते. आपल्या आजोबांनी त्या मिळवण्यासाठी काय केले, हे त्याला पाहायचे असते.

या पुस्तकाचा बराचसा आधार बाबासाहेबांच्या इंग्रजी आत्मकथनपर टिपणांचा आहे. त्यांत १९३४ ची आपल्या मुलखातली हकीगत आहे. त्या वेळी जालना आणि दौलताबाद दोन्ही निजामाच्या राज्यात होते. वेरूळला जाताना बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी दौलताबादच्या किल्ल्यात थांबले. प्रवासाची धूळ म्हणून दारापाशीच्या हौदावर हातपाय धुतले. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा ओरडत आला की यांनी हौद बाटवला. गर्दी जमली. अखेर किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण आत कोठेही पाण्याला हात लागू नये म्हणून बरोबर हत्यारी शिपाई दिला गेला. बाबासाहेबांनी हे किती साधेपणाने लिहिले आहे! थोडेसे संवाद, एक प्रश्न, आणि शिपाई. अन्यायावर प्रवचन नाही. पाण्यापाशी चालणारी तीसेक माणसे आणि त्यांच्या मागे बंदूक, एवढे चित्र काढले तर त्याला फुग्याची गरज काय?

कोणी म्हणेल, आपली परंपराच तोंडी परंपरा आहे, जलशाची आणि भाषणाची. तिच्यात शब्द असणारच. मान्य. पण त्या परंपरेने शब्द कसे वापरले ते पाहू या. जोतीरावांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले आणि ते छापून आले १९७९ साली. त्यात जोशी कुणबी कुटुंबाला लुबाडतो आणि पाद्री लांबलचक बोलतो. संदेश तर ढळढळीत आहे. तरी नाटक जिवंत राहते ते विदूषकामुळे. तो मध्ये मध्ये येऊन बोलणाऱ्याचे पितळ उघडे पाडतो. आंबेडकरी जलशाने तमाशातले देवादिकांचे विषय टाकले, पण सवालजबाब आणि सोंगाड्या टाकला नाही. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांना ठाऊक होते की उपदेश करणाऱ्याला अडवणारा कोणीतरी रंगमंचावर हवा. सोंगाड्या विचारतो ते प्रेक्षकाच्या मनातलेच असते. सुपरहिरोला सोंगाड्या नसतो. म्हणून तो बोलत सुटतो.

तेव्हा चित्रकथा लिहिणाऱ्या, काढणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या आपल्या मित्रांना माझे सांगणे असे. पुस्तक हाती आले की त्यातले शब्द झाकून पाहा, गोष्ट उरते का? मग चित्रे झाकून पाहा, शब्द एकाच माणसाचे आहेत का? मागच्या रांगेतल्या किती जणांना नाव आहे, किती बाया बोलतात, नायकाला कोणी उलट प्रश्न विचारतो का, हे मोजा. आपल्या जिल्ह्यात चित्रे काढणारी पोरे आहेत. भीमजयंतीच्या कमानी आणि भिंती तीच रंगवतात. त्यांना पुतळ्याची नक्कल करायला लावू नका. नामांतराच्या वेळी गावात काय झाले ते म्हाताऱ्यांकडून ऐकून काढायला सांगा.

बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना विभूतिपूजेवर टीका केली आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला. भक्ताला ऐकण्यापलीकडे काम नसते. आपल्याला भक्त वाढवायचे नाहीत, वाचक वाढवायचे आहेत. वाचक वाढवायचा तर त्याच्यासाठी पानावर थोडी मोकळी जागा सोडावी लागेल.